नववा टेक

प्रिय अध्यक्षीणबाई,

या जगात न्याय नावाची वस्तू शिल्लक राहिलेली नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने आणि टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकवून लिहिते आहे. हनुवटी टेकवायची मला हौस नाही. माझी नवी खुर्ची खाली जाते. सकाळी दहाला मी माणसासारखी बसते, साडेअकराला खांदे टेबलाच्या रेषेत येतात, जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी पहिल्या बाकावरची बुटकी मुलगी झालेली असते, आणि चारच्या चहाला कुणी खोलीत डोकावलं तर त्याला माझा चष्मा आणि चष्म्यावरचे केस तेवढे दिसतात. सामानसुमान बघणाऱ्या भाऊसाहेबांकडे रीतसर तक्रार केली. त्यांनी अर्ज मागितला, अर्जाच्या तीन प्रती मागितल्या, मग स्वतः येऊन खुर्चीवर बसले आणि दहा मिनिटं जागचे हलले नाहीत. खुर्चीही हलली नाही. "खुर्चीत काही दोष नाही मॅडम," ते उठता उठता म्हणाले, "बसणाऱ्यावर असतं." चोवीस वर्षं मी परक्या माणसांच्या तोंडी वाक्यं घालते आहे, पण त्या क्षणी माझ्या स्वतःच्या तोंडी एक धड वाक्य आलं नाही.

तू असतीस तर त्यांची धडगत नव्हती. डाव्या पायातली चप्पल काढून तू त्यांच्याकडे नुसतं बघितलं असतंस आणि तुझ्या त्या थंडगार आवाजात "बरं. या." म्हणाली असतीस. भाऊसाहेब निवृत्तीचा अर्ज तीन प्रतींत देऊन गेले असते.

तुझ्या लेकीचा परवा फोन आला होता. म्हणाली, "मावशी, बुधवारी आईच्या गळ्याचं ऑपरेशन आहे. तू चार ओळी लिही ना तिला. फोन तर ती घेतच नाही, आवाज जपते. घरातसुद्धा पाटीवर लिहून दाखवते. तुझं ऐकते ती." म्हणून हे पत्र. म्हणजे तिला मी असंच सांगितलं आहे. तुला धीर द्यायला लिहिते आहे, असं. धीर देणं मला कधीच जमलं नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? मी आजाऱ्याला भेटायला गेले की आजारी माणूसच मला चहा विचारतो. तरी चार ओळींचं पत्र सुरू केलं, आणि बघतेस ना, दोन परिच्छेद मी खुर्चीवरच घालवले. ज्या गोष्टीकडे जायचं आहे तिच्याकडे सरळ जायला पाय उचलत नाही म्हणून.

'एकोणचाळिसावा मजला' पहिल्यांदा आपल्याकडे मराठी डबिंगला आली तो दिवस आठवतो? कोरियन मालिका, चौसष्ट भाग, एक अवाढव्य कंपनी, तिच्या इमारतीचा सगळ्यात वरचा मजला, आणि त्या मजल्यावर बसायला मिळावं म्हणून एकमेकांचे गळे धरणारं एक अतिशय सुसंस्कृत घराणं. पहिला भाग आपण ओळीने दोनदा पाहिला. तू विचारलंस, "या लोकांच्या घरी जेवणाची टेबलं एवढी लांब का गं?" मी म्हटलं, "पाकीट सरकवायला." "आणि पाण्याचे पेले? पिताना तर कुणीच दिसत नाही." "ते तोंडावर फेकायला." मग आपला तो खेळच झाला. कुणी किती वेळा पाकीट सरकवलं, कुणी किती वेळा पाणी फेकलं, कुणाचा ड्रायव्हर सगळं ऐकून गप्प बसला. अध्यक्षीणबाई मुलाला वारस नेमण्यासाठी मोठ्या जावेला वेडी ठरवते तेव्हा तू काचेच्या खोलीतून ओरडली होतीस, "अगं मास्तरणी, या बाईच्या तोंडी मी माझा आवाज घालायचा? माझ्या आईने मला घरात घेतलं नसतं!" आणि पुढच्याच मिनिटाला दिवा लाल झाला, तू चप्पल काढलीस आणि अशी काही बोललीस की आमच्या ध्वनिमुद्रकाने, आपल्या कानसेनने, हेडफोन कानापासून जरा लांब धरला. भीतीने, असं तो अजून सांगतो.

लोकांना वाटतं हे काम म्हणजे भाषांतर. त्यांना काय माहीत, पडद्यावरच्या बाईचे ओठ मिटले की आपलेही मिटायला हवेत. तिचा प आला की आपल्याकडे प, ब, म यातलं काहीतरी हवं, नाहीतर बाई बोलते एक आणि ऐकू येतं दुसरंच. मी दिवसदिवस चित्र थांबवून ओठ मोजायची आणि तू येऊन माझ्या अर्ध्या ओळी उडवायचीस. अध्यक्षीणबाई वीस वर्षांच्या जुन्या नोकराला काढून टाकते त्या ठिकाणी मी तिला तीन वाक्यं दिली होती, चांगली जरतारी. तू म्हणालीस, "ही बाई एवढं बोलायची नाही. जिच्या हातात सगळं आहे ती कशाला तोंड शिणवेल?" आणि तिच्या ओठांच्या दोन हालचालींवर नेमकं बसवून म्हणालीस, "बरं. या." महिन्याभरात लोक दुकानांत एकमेकांना "बरं. या." म्हणायला लागले. तुझ्या बँकेतल्या त्या कारकुनाने तर तुझ्याकडून हक्काने ते म्हणवून घेतलं आणि मगच पासबुक दिलं. वाक्य माझ्या नावावर छापून आलं. तू हसलीस, "घे बाई, तुला पगार त्याचाच आहे." तुला खरंच काही वाटलं नव्हतं. मला वाटायला हवं होतं. पण माणसाला सराव कुठूनतरी सुरू करावा लागतो.

दुसरं पर्व यायचं ठरलं तेव्हा मी अजून जिन्याखालच्या त्या खबदाडात बसत होते. वरून कुणी उतरलं की माझ्या कागदांवर धूळ पडायची आणि मी न बघता सांगायची, हे भाऊसाहेब, ही झाडूवाली मावशी, हे जावईबापू. जावईबापू तुला माहीत आहेतच. मालकांनी मुलगी दिली आणि सोबत स्टुडिओ दिला. कन्यारत्नाला त्या वर्षी अभिनयाची ओढ लागली होती, जशी आदल्या वर्षी मातीची भांडी घडवण्याची लागली होती. आणि अभिनयाची ओढ लागलेल्या मालकाच्या मुलीला भूमिका कुठली हवी असणार? झाडूवालीची तर नाही.

दुसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात घराण्याच्या डॉक्टरांकडून एक कागद लिहून घेतात, तो प्रसंग तू पाहिला नाहीस, कारण तो मुद्रित होईपर्यंत तू आमच्यात राहिली नव्हतीस. कारखान्याचा म्हातारा व्यवस्थापक नको झालेला असतो. डॉक्टर त्याची तपासणी करतात, त्याची स्मृती ठणठणीत असते, पण ज्या दिवशी तो तापात होता त्या दिवसाची उत्तरं तेवढी कागदावर उतरवतात. डॉक्टरांना दवाखान्याची नवी इमारत मिळते. त्यांच्या तोंडी मी वाक्य दिलं होतं, "मी खोटं काही लिहिलं नाही. जे बरं होतं ते लिहिलं नाही, एवढंच." ओठही झकास बसले. मी स्वतःवर इतकी खूश झाले की ते वाक्य कानसेनला जिन्यात अडवून ऐकवलं. ते मंगळवारी. गुरुवारी जावईबापू माझ्या खबदाडात आले, डोकं वाकवून, स्वतःच्या हाताने चहाचे दोन कप घेऊन.

किती गोड बोलले म्हणून सांगू! "ताई, चॅनलवाले म्हणतात, अध्यक्षीणबाईसाठी दोन आवाज ऐकवा, नावं सांगू नका, आम्ही निवडतो. एकदम पारदर्शक. दोघींचा एकेक नमुना तुम्हीच काढा, तुमच्या कानावर माझा पूर्ण विश्वास आहे." मी म्हटलं, बरं. कप उचलताना ते म्हणाले, "वरची कोपऱ्यातली खोली रिकामी होतेय, बरं का. खिडकी आहे तिला. आणखी किती वर्षं या जिन्याखाली काढणार?" बस्स, एवढंच. मालिकेत निदान पाकीट असतं, लांब टेबल असतं, माणूस पाकिटाकडे बघून एकदा आवंढा गिळतो आणि संगीत वाजतं. मला संगीतसुद्धा मिळालं नाही. मी अर्धा कप चहा प्यायले आणि मला सगळं समजलं. समजलंच नव्हतं असं मी तुला आज सांगू शकले असते. वर्षभर मी ते स्वतःला सांगून बघितलं, पण माझीच वाक्यं मला पटत नाहीत, धंद्याचा दोष.

शुक्रवारी दुपारी तू नमुना द्यायला आलीस. मुलाच्या मृतदेहापाशी अध्यक्षीणबाई बसलेली असते तो प्रसंग. दुसऱ्याच टेकला तू असं काही रडलीस, म्हणजे रडली नाहीसच, रडू दाबलंस, की माझ्या हातातली पेन्सिल थांबली. पण एसीची घरघर त्यात शिरली होती. कानसेन म्हणाला, "घरघर मी काढून टाकीन, हाच राहू दे." मी म्हटलं, "सुरक्षित म्हणून आणखी एक घेऊ." आणखी एक, मग आणखी एक. एसी बंद करून कोंडलेल्या खोलीत, पाण्याचा घोटही न घेता तू तोच आक्रोश नऊ वेळा केलास, कारण मी सांगत होते म्हणून. तुला वाटलं मी परिपूर्णतेच्या मागे लागले आहे. बाहेर येऊन घाम पुसत म्हणालीस, "मास्तरणी, तू एक दिवस माझा जीव घेणार." नवव्या टेकला तुझा आवाज फाटला होता. तो फाटायलाच हवा होता. कुणाचाही फाटला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी, खोली गार करून, लिंबू-मध घेऊन कन्यारत्न आलं आणि तीन टेकमध्ये मोकळं झालं.

कानसेनने विचारलं, "बाईंचा दोन नंबर ना?"

मी म्हटलं, "नऊ लाव."

तो माझ्याकडे चष्म्यावरून बघत राहिला. मला वाटलं तो काहीतरी बोलेल आणि मग मी रागावेन आणि मग रागाच्या भरात मला माघार घेता येईल. त्याने नऊ लावला.

चॅनलच्या लोकांनी कुणाला निवडलं ते तुला माहीत आहे. पुढचंही तू पाहिलंस, फक्त माझ्या बाजूने नाही. जावईबापूंनी तुला बोलावून घेतलं, पाठीमागे उशी दिली, दोन्ही नमुने ऐकवले आणि म्हणाले, "तुम्हीच ऐका, आमचं काही म्हणणं नाही." तू हेडफोन काढलास आणि हसलीस. "अगं, ही तर कुणी म्हातारी बोलतेय." मग माझ्याकडे वळलीस. त्या खोलीत चार माणसं होती, पण तू विचारलंस ते मला. "नऊपैकी हाच सगळ्यात चांगला होता?" मी हो म्हटलं. "खरं सांग, कधीपासून असं झालंय?" मी म्हटलं, "काही महिने झाले असतील." अगदी सहज. थोडा विचार केल्यासारखा चेहरा करून. वर तुझ्या पाठीवर हात ठेवला. तू जाता जाता माझा तोच हात दाबलास आणि म्हणालीस, "बरं झालं, तू सांगितलंस. बाकीचे तोंडावर गोड बोलले असते." त्या नमुन्याची एक प्रत तू मागून घेतलीस, फोनमध्ये घेऊन गेलीस. मी सोमवारपासून वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत बसायला लागले. खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची भिंत दिसते, आणि भिंतीवर एक नळ.

कन्यारत्नाला अकराव्या भागापर्यंत कंटाळा आला. आता अध्यक्षीणबाई तिसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात बोलते. लोकांनी पत्रं पाठवली की आधीची बाई परत आणा. ती पत्रं माझ्या खणात आहेत. तुला पाठवली नाहीत, कारण ती वाचली असतीस तर तू प्रश्न विचारला असतास.

यानंतर मी तुझ्या फाटकापर्यंत दोनदा आले होते. एकदा खिडकीच्या पडद्याआडून तू दिसलीस, पाटीवर काहीतरी लिहून लेकीला दाखवत होतीस आणि ती खदखदून हसत होती. मी मात्र बाहेर उभी, हातात सफरचंदं. पडद्यावर असं दृश्य आलं असतं तर आपण दोघी म्हणालो असतो, आत जा ना भवाने, सफरचंदं काय सांभाळतेस! मी परत गेले आणि सफरचंदं ऑफिसात वाटली. भाऊसाहेबांनी दोन घेतली.

आता ते सांगते, ज्यासाठी बसले आहे. तुझ्या लेकीने फोन ठेवता ठेवता एक गोष्ट सांगितली, तिला ती महत्त्वाचीही वाटली नव्हती. म्हणाली, पहिल्या डॉक्टरांनी गळ्यात काही नाही म्हणून सांगितलं होतं, पण आईला वाटलं ते तिची समजूत घालताहेत. दुसऱ्यांना बारीकशी गाठ दिसली. तीही, ते म्हणाले, अनेकांना असते, काढण्याची गरज नाही, उलट काढताना आवाज कायमचा बदलू शकतो. मग आईने त्यांना फोनमधलं ते रेकॉर्डिंग ऐकवलं, आणि तिच्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीनेही महिन्यांपूर्वीच आवाज गेल्याचं ओळखलं होतं असं सांगितलं. ते ऐकून डॉक्टर म्हणाले, इतकं झालं असेल तर मग काढूया. अगं, तुझ्या गळ्याला काही झालेलं नाही! डॉक्टरांनी ज्याच्यावर भरवसा ठेवला तो आजार नव्हे, माझा नववा टेक आहे. सोबतच्या पेनड्राइव्हवर दुसरा टेक आहे, एसीच्या घरघरीसकट, आणि त्याच्यामागे उरलेले सगळे ओळीने, म्हणजे दर टेकला तुझा गळा कसा थकत गेला ते डॉक्टरांच्याही कानाला कळेल. बुधवारच्या आधी त्यांना हे ऐकव. त्यांना माझा नंबर दे, मी त्यांना तोंडाने सांगेन. तुझ्या लेकीलाही मीच सांगणार आहे, हे पत्र तिच्या हातात देताना. तिने ते मध्येच कुठे ठेवून देऊ नये म्हणून नव्हे, तर ज्या मुलीने मला तुला धीर द्यायला सांगितलं तिला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून. तू मला क्षमा करावीस असं मी लिहिणार नाही. ती मागायला बसले तर मी ती चांगल्या शब्दांत मागेन, आणि माझ्या चांगल्या शब्दांवर आता तू विश्वास ठेवू नयेस हेच बरं. मात्र एक गोष्ट आज सकाळी केली. कानसेन प्रत्येक टेकची वही ठेवतो, तुला ठाऊक असेल. कुठला टेक निवडला, कुणी निवडला आणि का. वर्षभरापूर्वीच्या त्या ओळीत माझी सही होती आणि 'का'चा रकाना रिकामा होता. बाकी अख्ख्या वहीत एकही रकाना रिकामा नाही, त्याच्या स्वभावात नाही ते. तिथे त्याने पेन्सिलीने एक बारीक टिंब करून ठेवलं होतं, बस. मी वही मागितली. टिंबावर शाईने लिहिलं: "दुसरा टेक उत्तम होता. नववा जाणूनबुजून लावला. दोष आवाजाचा नाही, निवडणारीचा." खाली सही केली, आजची तारीख घातली. दर शनिवारी ही वही जावईबापूंकडे सहीला जाते, तेव्हा पुढचं पुढे. त्या पानाची प्रत पेनड्राइव्हला गुंडाळली आहे. कानसेनने वही उलटी करून वाचलं, शाई वाळेपर्यंत ती उघडी धरून ठेवली आणि मग मिटून कपाटात लावली.

हा शब्द तू अजून चालवून घेतलास तर तुझीच,
मास्तरीण